उपासाला चालणारं दूध

नाकाच्या डाव्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा फोड आला, तेव्हा चिमणाबाईंनी त्यावर हळद लावली. फोड फुटायचा, खपली धरायचा, पुन्हा फुटायचा. असं करता करता दीड वर्ष गेलं. शेवटी नात राजनंदिनी त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. तुकडा तपासायला गेला आणि निदान आलं, कातडीचा कॅन्सर.

"घाबरू नका, हा सावकाश वाढतो," डॉक्टर म्हणाले. "तेवढी जागा कापून काढली की संपलं. पण तसाच ठेवलात तर नाक खाईल आणि डोळ्यापर्यंत जाईल."

चिमणाबाई कॅन्सरला घाबरल्या नाहीत. त्या घाबरल्या भुलीला!

"नाक जाऊ दे न्हायतर जीव जाऊ दे, पर म्या भूल घेणार न्हाय," त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. ऑपरेशनची तारीख तीनदा मिळाली. एकदा म्हैस आजारी पडली, एकदा गुडघा धरला, एकदा अमावास्या आडवी आली.

"नाक गळून पडलं की लोक मला इचारतील, म्हातारीला कुणाशी भांडाय सोडलीस म्हणून," त्यांचे यजमान आकाराम म्हणाले.

"मग सांगा की, घरातच भांडली म्हणून."

दोघंही हसले, पण तेवढ्यापुरतंच. त्या घराला भुलीचं नावही चालत नव्हतं.

चाळीस वर्षांपूर्वी त्यांची सहा वर्षांची अंबू टॉन्सिलच्या ऑपरेशनला गेली, ती भुलीतून उठलीच नाही. आकारामांनी डॉक्टरची कॉलर धरली होती. त्यांच्या कसबा बावड्यातल्या चारपाच गल्ल्यांतली माणसं धावून गेली आणि दवाखान्याची एक काच शिल्लक राहिली नाही. दोन महिन्यांत डॉक्टरांनी गाव सोडलं. त्यानंतर घरात अंबूचं नाव कुणी घेतलं नाही. आई घेत नाही म्हणून बाप घेत नव्हता, बाप घेत नाही म्हणून आई.

चौथ्या तारखेला आकारामांनी स्वतः रिक्षा बोलावली. दवाखान्यात भुलीच्या डॉक्टर अदिती समोर स्टूल ओढून बसल्या. तरुण मुलगी, पण घाई नव्हती तिला.

"आजी, सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?"

"न्हाय, काय सुदिक न्हाय," आकारामांनी परस्पर सांगून टाकलं.

"आजोबा, आजींना बोलू द्या की."

"घोटभर च्या घेतलाय," चिमणाबाई म्हणाल्या. "तेवढ्यानं काय हुतंय?"

"आज काही होत नाही. आज तुम्हाला झोपवायचंच नाही. बारीक सुईनं नाकाची तेवढीच जागा बधिर करायची. तुम्ही जाग्या राहणार, माझ्याशी बोलत. पूर्ण भूल द्यायची असती, तर मात्र हा दुधाचा चहासुद्धा चालला नसता. मी ऑपरेशन पुढं ढकललं असतं."

"दुधाला काय झालं? दूध उपासाला चालतं की."

"उपासाला चालतं आजी, भुलीला नाही. भुलीत पोटातलं वर आलं, तर माणसाला खोकता येत नाही. ते सरळ श्वासात उतरतं. म्हणून तर उपाशी ठेवतात."

चिमणाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पेलाभर असलं तर?"

"पेलाभर?"

"सहा वर्सांच्या पोरीला."

आणि मग चाळीस वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. त्या सकाळी अंबू भुकेनं रडत होती. कंपाउंडरनं एवढंच सांगितलं होतं, पोरीला उपाशी आणा. चिमणाबाईंनी लहानपणापासून संकष्टी केलेली. उपाशी म्हणजे अन्न नाही, दूध कसलं आलंय खाणं? त्यांनी म्हशीच्या चार धारा पेल्यात काढल्या आणि कोमट, फेसाळ दूध लेकीला पाजलं. ओठावरची पांढरी मिशी पदरानं पुसली. दवाखान्यात विचारलं तेव्हा 'काय खाल्लं न्हाय' हे त्यांनी खऱ्या मनानंच सांगितलं.

"पर मागनं त्यो डॉक्टर भाईर आला. त्वांड पांढरंफटक. म्हणाला, बाई, खरं सांगा, दूध दिलं होतं का? तवा सगळी माझ्याकडं बघत हुती... म्या न्हाय म्हणलं. त्या एका न्हायवर त्या बिचाऱ्याचा दवाखाना फुटला. आन् म्या जन्मभर भुलीला शिव्या देत बसले. भुलीनं न्हाय न्हेलं गं पोरीला. म्या न्हेलं!"

अदितीनं त्यांचा हात धरला.

"आजी, उपाशी का ठेवायचं, हे तुम्हाला कुणी समजावून सांगितलं होतं?"

"न्हाय."

"मग ती चूक एकट्या तुमची कशी? उपाशी का, ते आम्ही सांगत नाही. काय दिलं, ते तुम्ही सांगत नाही. मधल्या मधे पेशंट जातो." तिनं हात सोडला नाही. "पण दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मात्र खरं सांगायला हवं होतं."

चिमणाबाईंनी मान हलवली. नवऱ्याकडं बघायची त्यांची छाती होईना. आकाराम टोपी हातात घेऊन खाली बघत बसले होते.

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

"काय ठावं हाय?"

"पोरीला उचलली तवा तिच्या फराकाला दुधाचा वास आला. जलम म्हशीखाली गेला माझा. मला दुधाचा वास कळंना व्हय?"

"मग त्या डॉक्टरला का धरलं वो?"

"तुला धरून काय करू? एका दिसात दोघी गेल्या असत्या." त्यांनी टोपी डोळ्यांना लावली. "मागनं हुडकत गेलतो मी त्याला, जयसिंगपूरला. पाय धरायला. तवर त्यो वारलाता."

अरेरे! एकाच छपराखाली, एकाच ताटातलं खाऊन, दोन माणसं चाळीस वर्षं एकच दुःख एकमेकांपासून लपवत राहिली!

मग चिमणाबाईंनी डोळे पुसले आणि उठून उभ्या राहिल्या. "चल पोरी, आत. जागंच ऱ्हायचं हाय न्हवं? ऱ्हाते."

सुई टोचली, नाक जड झालं. सर्जन काम करू लागले. उशाशी बसलेली अदिती म्हणाली, "बोला आजी. कशी होती अंबू?"

हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता.

"काळी हुती, माझ्यावाणी," चिमणाबाई सांगू लागल्या. "लई बोलायची. म्हशीच्या शिंगाला रिबिनी बांधायची. रेडकाला शाळंत न्ह्यायचं म्हणून रडायची..." डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं. "आजी, हलू नका," सर्जन म्हणाले. "हलत न्हाय बाबा. मला बोलू दे," त्या म्हणाल्या. ऑपरेशन संपलं तरी त्या बोलत होत्या, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

बंधुभगिनींनो, डॉक्टर विचारतात ते आपल्याला चुकीत पकडायला नव्हे. घासभर खाल्लं असो, घोटभर प्यायलं असो, तंबाखू असो की एखादी गोळी, ज्याचं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं. सूचनेचं कारण कळलं नाही तर न लाजता विचारावं, आणि सांगणाऱ्यानंही ते समजावून द्यावं. हातून चूक झालीच, तर ती दुसऱ्या निरपराध माणसाच्या माथी मारू नये.

चिमणाबाईंची जखम पंधरा दिवसांत भरून आली. अंबू काही परत आली नाही. ज्यांची माफी मागायची, ते डॉक्टरही आता नाहीत. खरं बोलायला फार उशीर केला की बोलणारा मोकळा होतो, पण ज्याला ऐकवायचं तोच उरलेला नसतो.