चढता सूर, उतरता सूर

"थांब," न्युन-मोई म्हणाली आणि हातातली सुरी तिनं तशीच हवेत धरली. सुरीला पर्सिमनच्या फळाची नारिंगी साल लोंबत होती. "परत म्हण. कोंबडीनं काय घातलं?"

थिंग-आन स्टुलावर उभी होती. शाळेत शिकवलं होतं तसे दोन्ही हात मागे बांधून ती म्हणाली, "कोंबडीनं लोन घातलं."

"शाब्बास."

"छुन!" अंगणातून आवाज आला. गिम-फुक बांबूच्या गोल ताटांमध्ये सोललेले पर्सिमन वाळत घालत होता. तो पाठमोराच ओरडला, "छुन घातलं! माझ्या नातीच्या तोंडी तो घाणेरडा शब्द नको."

"घाण तुझ्या डोक्यात आहे, आकुंग. कोंबडी बिचारी स्वच्छ आहे." नातीचं ऐकून न्युन-मोईही नवऱ्याला आकुंग, म्हणजे आजोबा, म्हणायची.

लोन काय आणि छुन काय, दोन्ही म्हणजे अंडंच. दोघंही हक्का, दोघांची भाषा हक्का, पण ती म्याओलीकडची आणि तो इथला, शिनपूचा. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिनं पदर सावरावा तसा आवाज सावरून सासऱ्यांना विचारलं होतं, तुमच्यासाठी किती लोन तळू? सासऱ्यांच्या हातातल्या जेवणाच्या काड्या गळून पडल्या. शिनपूत तो शब्द पुरुषाच्या एका नाजूक अवयवासाठी राखून ठेवलेला होता. सासूनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, या घरात छुन म्हणायचं. म्याओलीत छुन म्हणजे फक्त वसंत ऋतू. नव्या नवरीनं अगदी मनापासून विचारलं, "पण आई, वसंत ऋतू तळायचा कसा?"

ही गोष्ट घरातल्या प्रत्येक मेजवानीत निघायची. तो ती बायकोच्या अडाणीपणाची गोष्ट म्हणून सांगायचा, ती सासरच्या वाह्यातपणाची म्हणून.

शब्दांचं एक वेळ निभावलं असतं. खरी भानगड सुरांची होती. जो शब्द म्याओलीत खालून वर चढायचा, तोच शिनपूत वरून खाली उतरायचा. एक जण जिना चढतोय आणि दुसरा त्याच जिन्यानं उतरतोय, असं त्यांचं भांडण बाहेरून ऐकणाऱ्याला वाटायचं. मुलगा लहानपणीच या जिन्यावरून बाजूला झाला होता आणि शाळेत शिकवतात ती मँडरिन बोलू लागला होता. तो आता शिन्चूत चिप बनवणाऱ्या कंपनीत होता, सूनही तिथंच. थिंग-आन शाळेचे दिवस आजी-आजोबांकडे काढायची. घरात हक्का बोलणारं तिसरं माणूस म्हणजे ती.

म्हणून तर शाळेतल्या फेंगबाईंनी गोष्ट सांगण्याच्या स्पर्धेसाठी तिला निवडलं, तेव्हा घरात आधी आनंद झाला. मग बाईंनी फोनवर विचारलं, "कुठल्या बोलीच्या गटात घालू? शिनपूच्या की म्याओलीच्या?"

"शिनपूच्या," गिम-फुक फोनवर म्हणाला.

"म्याओलीच्या," न्युन-मोई फोनच्या जवळ तोंड नेऊन म्हणाली.

"मुलगी शिनपूत राहते!"

"आणि तिला बोलायला कुणी शिकवलं? तू तर ती दोन वर्षांची होईपर्यंत तिच्याशी फक्त खोकत होतास."

फेंगबाई म्हणाल्या की घरात ठरलं की कळवा, आणि त्यांनी फोन ठेवला.

घरात काही ठरलं नाही. सकाळी आकुंग नातीला स्कूटरवरून शाळेत सोडायचा आणि वाटेत गोष्ट म्हणवून घ्यायचा, तेव्हा सूर उतरायचे. संध्याकाळी आपो, म्हणजे आजी, पर्सिमन सोलता सोलता म्हणवून घ्यायची, तेव्हा चढायचे. गोष्ट साधीच होती. एक कोंबडी शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन अंडं घालते आणि ते कुणाचं, यावरून दोन शेजारी भांडतात. थिंग-आनला ती झोपेतही आली असती, पण आता पहिल्या वाक्यातल्या कोंबडीपाशीच तिचा आवाज अडखळायचा. वर जायचं की खाली, याचा अंदाज घेत ती समोरच्या माणसाच्या भुवयांकडे बघायची.

एका रात्री जेवताना मधोमध वाळवलेल्या मुळ्याचं आम्लेट होतं. थिंग-आनच्या काड्या तिथपर्यंत पोचत नव्हत्या.

"काय हवंय?" आपोनं विचारलं.

थिंग-आननं तोंड उघडलं. आपोकडे पाहिलं, मग आकुंगकडे. मग शुद्ध, गुळगुळीत, टीव्हीवरच्या मँडरिनमध्ये ती म्हणाली, "आजी, मला अंडं द्या, प्लीज."

न्युन-मोईनं आम्लेटचा तुकडा तिच्या वाटीत ठेवला. गिम-फुकनं आणखी एक ठेवला. मुलगी शहाण्यासारखी "थँक्यू" म्हणाली, तेही मँडरिनमध्ये, आणि जेवू लागली. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी सुटल्यासारखा भाव होता. दोघं म्हातारी माणसं आपापल्या वाटीत बघत राहिली. त्यांच्या मुलानंही लहानपणी असंच केलं होतं. याच टेबलावर, असाच काही चवीचा पदार्थ मागताना.

नातीला झोपवल्यावर गिम-फुक बराच वेळ अंगणात उभा राहिला. आत आला तेव्हा न्युन-मोई भांडी पुसत होती.

"तुझ्या गटात घाल तिला," तो म्हणाला.

"नको. तुझ्या गटात घाल."

"मी म्हणतोय ना, तुझ्या!"

"आणि मी म्हणतेय, तुझ्या! ऐकू येत नाही का तुला?"

यावरूनही त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी सकाळी फेंगबाईंना फोन गेला तो असा, की मुलगी जिथं म्हणेल तिथं. थिंग-आननं बाईंना सांगितलं, "ज्या गटाची पाळी आधी येईल, त्या गटात." तो शिनपूचा निघाला.

स्पर्धा नगरकार्यालयाच्या सभागृहात होती. न्युन-मोई लग्नकार्यातला जांभळा ब्लाउज घालून आली होती. गिम-फुक पहिल्या रांगेत बसायला गेला, आणि ती परीक्षकांची रांग आहे असं सांगून त्याला उठवण्यात आलं.

थिंग-आन मंचावर आली. हात मागे बांधले. मग कसला तरी विचार करून तिनं ते सोडले.

कोंबडी शेजारच्या अंगणात गेली. तिनं जे घातलं त्याला थिंग-आननं नावच दिलं नाही, फक्त मुठीचा आकार करून दाखवला. मग शेजारी बाहेर आला. त्यानं पाठीवर हात ठेवून, हनुवटी पुढे काढून, उतरत्या सुरात गर्जना केली, "हे छुन माझ्या अंगणात आहे!" लगेच थिंग-आन मंचाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन कोंबडीची मालकीण झाली, कंबरेवर हात ठेवले आणि चढत्या सुरात म्हणाली, "लोन माझ्या कोंबडीचं आहे! तुझ्या अंगणाला पिसं आहेत का?"

सभागृहात कुणीतरी फस्सकन हसलं. मग हशा रांगारांगांतून मागे पसरत गेला. प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी दुसऱ्या गावाहून आलेलं होतं. बायका नवऱ्यांना कोपरं मारू लागल्या. भांडण रंगत गेलं, अंडं उबत गेलं, आणि शेवटी त्यातून पिल्लू बाहेर आलं तेव्हा ते कुठल्या सुरात चिवचिवलं हे टाळ्यांमध्ये कुणालाच ऐकू आलं नाही.

परीक्षकांची बरीच कुजबुज झाली. नियमाप्रमाणे एका गटात एकच बोली चालत होती. थिंग-आनला क्रमांक मिळाला नाही. उत्तेजनार्थ म्हणून टॉवेलचा एक संच मिळाला.

गिम-फुक परीक्षकांच्या टेबलाकडे निघाला. न्युन-मोईनं त्याची बाही धरली, पण ती त्याला मागे ओढत होती की त्याच्या आधी पोचायला बघत होती, हे सांगणं कठीण होतं.

"हा अन्याय आहे," तो म्हणाला. "मुलगी शिनपूचीच बोली बोलली. गोष्टीतली मालकीण म्याओलीची होती, म्हणून ती तशी बोलली. त्यात मुलीचा काय दोष?"

"सगळे हसले ते तुम्ही पाहिलंत ना?" न्युन-मोई म्हणाली. "तुमच्या पहिल्या नंबराच्या वेळी माणसं जांभया देत होती."

परीक्षक त्सेंगबाई चष्म्यावरून दोघांकडे बघत होत्या. त्यांनी आयुष्य गावोगावच्या म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकण्यात घालवलं होतं. त्या हसल्या.

"मुलीनं तुम्हा दोघांना हुबेहूब उचललंय," त्या म्हणाल्या. "फक्त तुमच्या सुरांची अदलाबदल केली. गंमत म्हणून केली असेल."

"कसली अदलाबदल?"

"म्हणजे बघा," त्या गिम-फुकला म्हणाल्या, "तुम्ही मूळचे म्याओलीचे. शब्द इथले उचललेत, पण सूर तिकडचेच राहिलेत. आणि या आजी पक्क्या शिनपूच्या. माझी आत्या अगदी अशीच बोलायची."

"मी शिनपूचा!" गिम-फुक म्हणाला. "माझ्या खापरपणज्यापासून!"

त्सेंगबाईंनी काही क्षण ऐकल्यासारखं केलं, जणू त्याचं वाक्य अजून हवेत होतं. मग त्यांनी मान झुकवून क्षमा मागितली. पण ती शब्दांची क्षमा होती. कानांनी ती मागितलेली नव्हती.

बसमध्ये थिंग-आन खिडकीशी टॉवेल मांडीवर घेऊन बसली आणि लगेच पेंगुळली.

"ऐकलंस?" न्युन-मोई म्हणाली. "तू आता म्याओलीचं बोलतोस. बाई शिकलेली आहे."

"बाई बहिरी आहे. पण तुझ्याबद्दल बरोबर बोलली. तू शिनपूची झालीस."

"माझ्याबद्दल तिला काय कळतंय!"

थांब्यावर उतरून ते बांधावरून घराकडे निघाले. थिंग-आन पुढे धावत गेली. डोंगरावरून वारं सुटलं होतं. गिम-फुक दोन पावलं पुढे चालत होता आणि हळूच, फक्त स्वतःला ऐकू येईल असं पुटपुटत होता. "फुंग." म्हणजे वारा. त्यानं कान दिला. शब्द चढला होता. त्यानं घसा खाकरला, मुद्दाम उंचावरून सुरुवात केली. "फुंग." तो मध्येच वळला आणि पुन्हा चढला. त्यानं आजूबाजूला पाहिलं, शेजारचं कुणी नव्हतं. "फुंग. फुंग."

"तसं नाही," मागून न्युन-मोई म्हणाली. "वरून सोड. हातातून काहीतरी टाकल्यासारखं. फुंग."

शब्द वरून सरळ खाली आला. न अडखळता, किंचित खर्जात, शेवटी जराशी कुरकुर घेऊन. सकाळी अंगणात येऊन, आभाळाकडे बघत, आज ताटं बाहेर काढायची की नाही हे ठरवताना त्याची आई तो अगदी तसाच म्हणायची.

गिम-फुक थांबला. वळला मात्र नाही.

"परत म्हण," तो म्हणाला.

"कशाला?"

"म्हण ना."