सात नंबरचं मशीन

आमच्या नगा दियाब गावच्या शाळेत पोरं कॉम्प्युटर शिकायची ती फळ्यावर. थट्टा करत नाही. फख्री उस्ताद खडूने एक मोठा चौकोन काढायचे, तो पडदा. खाली बारीक चौकोनांच्या ओळी, तो कीबोर्ड. बाजूला शेपटीवालं अंडं, तो माउस. मग पट्टीने त्या अंड्यावर टकटक करून विचारायचे, "डावं बटण दाबलं की काय होतं?" आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "निवड होते, उस्ताद!" लेखी परीक्षेत आमची पोरं तालुक्यात पहिली यायची. आणि भिंतीपलीकडच्या खोलीत, लोखंडी दारामागे, वीस खरे कॉम्प्युटर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले होते.

ते युरोपातल्या कुठल्याशा कचेऱ्यांनी टाकून दिलेले. अस्यूतला एका संस्थेचं वर्कशॉप आहे, तिथे असली मशीनं उघडून, पुसून, दुरुस्त करून आमच्यासारख्या शाळांना फुकट देतात. आले त्या दिवशी शाळेत जास्वंदीचं सरबत वाटलं, हेडमास्तरांनी भाषण ठोकलं. दुसऱ्या दिवशी सरकारी रीतीप्रमाणे कुणाच्या तरी जिम्म्यात ते द्यायचे होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. फख्री उस्तादांना मान खाली घालायला जरा उशीर झाला, एवढंच. त्यांनी सही केली आणि दाराला कुलूप लागलं ते लागलंच. चावी दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात.

"उस्ताद, खोली कधी उघडणार?" पोरं रोज विचारायची.

"उद्या, इन्शाअल्लाह," ते रोज सांगायचे.

मी त्याच शाळेत शास्त्र शिकवते, आणि माझी जीभ तिखट आहे हे मलाही ठाऊक आहे. एकदा भर स्टाफरूममध्ये म्हटलं, "उस्ताद, राजांच्या ममीसुद्धा लोकांना बघायला ठेवतात हो. तुम्ही तर त्याही पुढे गेलात."

सगळे हसले. उस्ताद चहात साखर ढवळत राहिले. मग म्हणाले, "एतिदाल, तुला झकी आठवतो?"

झकी उस्ताद कुणाला आठवत नाहीत? त्यांच्या जिम्म्यातला एक मायक्रोस्कोप हरवला होता. जिम्म्यातल्या सगळ्या वस्तू परत मोजून दिल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही, आणि मोकळा झाल्याशिवाय पेन्शन सुरू होत नाही. झकी उस्ताद कचेरीत खेटे घालता घालताच गेले. त्यांची बायको अजून खेटे घालते.

"मला येत्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचंय," फख्री उस्ताद म्हणाले. "घरी बायको रतीबा आहे, मी आहे, आणि ती पेन्शन आहे. चौथं काही नाही. नोकरीभर एक डस्टरसुद्धा हरवलेलं नाही माझ्याकडून. तसाच स्वच्छ बाहेर पडू दे मला."

तेव्हा मला राग आला होता. त्यांच्या म्हणण्यात काडीचंही खोटं नव्हतं, त्याचाच जास्त आला.

हिवाळ्याच्या तोंडावर संस्थेचा बिशोय नावाचा तरुण इंजिनिअर मास्तरांना शिकवायला आला. बोलायला लाघवी, पायाला चाकं. आला तो थेट व्हरांड्यात, आणि खिडकीतून त्याला फळ्यावरचं ते अंडं दिसलं. तो जागच्या जागी थिजला.

"उस्ताद, हे काय चाललंय?"

"कॉम्प्युटरचा तास."

"आणि कॉम्प्युटर?"

उस्तादांनी गळ्यातल्या चावीला हात लावला. "सुरक्षित आहेत."

"काका, ही लोणच्याची बरणी नाहीय मुरायला ठेवायला! पडून पडून मरतात मशीनं. उंदीर तारा खातात, आत धूळ बसते. वापरणार नसाल तर सांगा, मी ट्रक पाठवतो. दुसऱ्या शाळा हात जोडून उभ्या आहेत."

पहिल्या बाकावरची रावया उभी राहिली. उंच, हडकुळी पोर, बाप कुवेतमध्ये गवंडी. "उस्ताद, ट्रक नको," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

उस्तादांनी बिशोयला बाजूला घेतलं. मीही गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी.

"बिघडलं तर?"

"मी आहे ना. मशीनला मशीन. जे बिघडेल ते उचलून नेईन, बदली दुसरं देईन. शब्द आहे माझा."

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आता तरी उघडा. का दाराला नमस्कार करत बसायचंय?"

त्यांनी उघडलं.

तो हिवाळा मी विसरणार नाही. पहिले काही दिवस उस्ताद ओलं फडकं घेऊन प्रत्येक पोराच्या मागे उभे असायचे, बोट उचललं की कळ पुसायचे. मग फडकं खिशात गेलं. मग खिशातून घरी गेलं. रावयाने सात नंबरच्या मशीनवर आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग घरातल्या सगळ्यांची, शेवटी म्हशीचंही. उस्तादांनी ते वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. इतकी वर्षं एका शाळेत काढली आम्ही. या माणसाला दात आहेत हे मला तेव्हा कळलं.

मग उसाचं गाळप सुरू झालं. कारखाना चालू झाला की आमच्याकडची वीज पिसाळते. एके दिवशी तासाच्या मधोमध दिवे लख्ख पेटले, फट् असा आवाज झाला आणि सात नंबरमधून काळा धूर निघाला. रावया हात वर करून ओरडली, "मी काही केलं नाही, उस्ताद! देवाशपथ!"

"तू काही केलं नाहीस, बाळ," उस्ताद म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

बिशोय शब्दाला जागला. निरोप मिळताच पिकअप घेऊन हजर. जळकं मशीन उचललं, जागी दुसरं ठेवलं, आधीच्यापेक्षा नवं, पडदाही मोठा. सुरू केलं तर पोरांनी टाळ्या वाजवल्या.

उस्ताद त्या नव्या मशीनच्या मागे वाकून काहीतरी बघत होते. "बिशोय, बाळा, याच्या मागचा नंबर रजिस्टरातल्यापेक्षा वेगळा आहे."

"काका, नंबरावर मशीन चालत नाही, विजेवर चालतं!"

पोरं हसली. मीही हसले, आणि जरा मोठ्यानेच. उस्ताद ओशाळले. हात पुसत म्हणाले, "खरंय, खरंय. म्हातारा झालो." नोकरीभर न सोडलेली काळजी त्यांनी त्या दिवशी सोडली, ती आम्ही हसलो म्हणून.

उन्हाळ्यात जिम्मा परत घ्यायला कमिटी आली. तिघे जण, घामेजलेले, घाईत. त्यांनी मशीनं मोजली. वीस. माझा जीव भांड्यात पडला. हेडमास्तरांनी चहाला सांगितलं. मग त्यांच्यातला चष्मेवाला एकेक मशीन फिरवून मागचा नंबर वाचायला लागला, आणि सातव्याशी थांबला.

"हे कोण?"

"साहेब, ते जळालं होतं. संस्थेने बदलून दिलं."

"म्हणजे सरकारी वस्तू एक गायब. आणि सरकारी खोलीत परकी वस्तू एक."

मला राहवलं नाही. "अहो, हे त्याच्यापेक्षा चांगलं आहे! चालवून बघा ना!"

तो माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा काढला, पुसला आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, "बाई, जळकं इथे असतं तर आम्ही जळकं असं लिहिलं असतं, चहा प्यायलो असतो आणि उस्तादांना मिठी मारून गेलो असतो. चांगलं कशाला आणलंत?"

उस्ताद हळूच खुर्चीवर बसले आणि गळ्यातली चावी काढून टेबलावर ठेवली. कुणी ती उचलली नाही.

बिशोयने जिवाचं रान केलं. पण वर्कशॉपमध्ये मेलेल्या मशीनचे सुटे भाग काढतात. सात नंबरचा पंखा एका शाळेत गेला, मेमरी दुसऱ्या. नंबर ठोकलेला रिकामा डबा भंगारात गेला होता, आणि भंगार कधीच वितळलं होतं. त्याने संस्थेचं पत्र आणलं, सविस्तर, सहीनिशी. कचेरीत ते उलटून पालटून बघितलं आणि परत दिलं. त्यावर सरकारी गरुडाचा शिक्का नव्हता. बिशोय शाळेच्या व्हरांड्यात येऊन लहान पोरासारखा रडला. "काका, मी मदत करत होतो हो." उस्तादच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

खोलीला लाल लाखेचं सील लागलं. चौकशी सुरू झाली, म्हणजे थांबली. उस्ताद निवृत्त झाले, पण मोकळे झाले नाहीत. पगार बंद, पेन्शन नाही. तरी रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून यायचे आणि सील केलेल्या दारासमोर खुर्ची टाकून बसायचे. मी म्हटलं, "उस्ताद, घरी जा. आता कशाची राखण करताय?"

"आत अजून एकोणीस आहेत ना, एतिदाल," ते म्हणाले. "माझ्या मानेवरच आहेत ती."

मी चिडून काहीतरी बोलणार होते. पण त्यांच्या सदऱ्याची कॉलर उसवलेली दिसली.

पुढच्या थंडीत छातीत कफ झाला, आणि ते गेले. चौकशी अजून आहे. रतीबाबाई आणि झकी उस्तादांची बायको आता एकाच मायक्रोबसने कचेरीत जातात. निदान सोबत झाली, असं गावातल्या बायका म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

माणूस मेला तर जिम्मा दुसऱ्याच्या नावावर चढवावाच लागतो. कमिटीने सील तोडलं, एकोणीस मोजले, विसावं परकं म्हणून बाजूला ठेवलं. हेडमास्तरांनी सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी उस्तादांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, मला उशीर झाला. नाही म्हटलं असतं तर बदली थेट वाळवंटातल्या शाळेत, आणि घरी माझे आईवडील माझ्या जिवावर. मी सही केली.

त्या दुपारी मी एकटीच आत गेले. प्लास्टिकची कापडं कोपऱ्यात पडली होती. मी ती झटकली आणि एकेक मशीन नीट गुंडाळलं, टोकं आत खोचून, उस्ताद खोचायचे तशी. मग दार ओढलं, कुलूप लावलं आणि चावी दोऱ्यात ओवली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा तास माझ्याकडे आला. मी फळ्यावर चौकोन काढला, खाली बारीक चौकोन काढले, बाजूला शेपटीवालं अंडं.

"बाई," रावयाने विचारलं, "खोली कधी उघडणार?"

"उद्या, इन्शाअल्लाह," मी म्हणाले, आणि पट्टीने अंड्यावर टकटक केलं. "डावं बटण दाबलं की काय होतं?"

सगळा वर्ग ओरडला. रावया तेवढी माझ्या गळ्यातल्या चावीकडे बघत गप्प बसून राहिली.