चाळिसावी खेळी

दुसऱ्या फेरीपासून मारलेल्या मोहऱ्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा संयोजकांनी प्रत्येक टेबलाखाली एकेक बादली ठेवली. जगातले निवडक बत्तीस ग्रँडमास्टर त्या डोंगरावरच्या हॉटेलात जमले होते. त्यातल्या एकानं पंचांकडे जाऊन, हे नियमात बसतं का, असं विचारलं. पंचांनी नियमावलीचं पान उघडून दाखवलं. त्यानं ते वाचलं, मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसला. बुद्धिबळवाल्यांची ही जुनी खोड आहे. लेखी दाखवलं की संपलं. मग तुम्ही त्यांच्या अंगावरची कातडी मागा, ते फक्त कलम कितवं एवढंच विचारतील.

मिरजेच्या केतकी म्हेत्रेनंही काही विचारलं नाही. त्या फेरीत तिनं नऊ मोहरे मारले. मारणारा मोहरा दुसऱ्याच्या घरात शिरायचा, आणि एका घरात दोघांना जागा नसल्यामुळे आधीचा मोडत जायचा. प्यादी भुईमुगाच्या शेंगेसारखी फुटत. उंटांना जास्त वेळ लागे.

तिसऱ्या फेरीत हंगेरीच्या एका खेळाडूनं डाव सोडला. रिवाजाप्रमाणे त्यानं आपला राजा पटावर आडवा केला आणि त्याबरोबर तो स्वतःही आडवा झाला, मान मोडून. त्यानंतर कुणी डाव सोडेना. हरलेले डाव लोक मात होईपर्यंत ओढत न्यायला लागले, आणि त्यात माणसं आणखी वाईट गेली. उपांत्य फेरीत केतकीनं पेरूच्या एका सभ्य, दाढीवाल्या माणसाला एकोणसाठाव्या खेळीत मात दिली. त्याचे बूट बराच वेळ टेबलाखाली हलत होते. तिला रडू कोसळलं. पण समोर फलकावर अंतिम फेरीची नावं लागत होती, म्हणून ती डोळे पुसून वाचायला गेली.

समोर जयूदादा होता.

जयकुमार चौगुले तिच्याच गल्लीतला, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. पट कसा मांडायचा हे तिला त्यानंच शिकवलं होतं, आणि पहिल्या स्पर्धेला नेताना एसटी स्टँडवर तिचं नाकही त्यानंच पुसलं होतं. आपल्या मोहऱ्याला हात लागला की तो खेळावाच लागतो, समोरच्याच्या मोहऱ्याला लागला की तो मारावाच लागतो, हे त्यानं पट्टीनं तिची बोटं शेकून पाठ करून घेतलं होतं. तिरका झालेला मोहरा सरळ करायचा असेल तर आधी ‘नीट करते’ असं म्हणायचं, मगच बोट लावायचं.

“आधी शब्द, मग हात,” तो म्हणायचा. “शब्द इसरलीस की गेलीस.”

अंतिम फेरीच्या सकाळी नाश्त्याला दोघं एका टेबलावर बसले. चाळिसावी खेळी केल्याशिवाय बरोबरी मागता येत नव्हती. पण बरोबरी झाली, तर दोघं संयुक्त विजेते ठरणार होते. म्हणजे दोघं जिवंत.

“चाळीस खेळ्या काढू,” जयूदादा टोस्टला लोणी लावत म्हणाला. “उगं कुणाला मारायचं न्हाई. इकडनं तिकडं फिरत बसू.”

“आणि मारायची वेळ आली तर?”

“प्यादी मारू. प्याद्यांचं काय गं.”

तिला एवढं हलकं वाटलं, की तिनं त्याच्या बशीतलं उरलेलं अंडंही खाल्लं.

गेले काही दिवस खेळाचं दालन आक्रसत होतं आणि पट वाढत होता. त्या सकाळी दोन्ही एकाच मापाची झाली. कडेची घरं थेट भिंतींना लागली होती, दार हत्तीच्या पाठीमागं गेलं होतं आणि मोहरे माणसाच्या उंचीचे होते. तिचा वजीर पेटीतून निघालाच नाही. त्याचाही एक उंट कमी होता. पंचांनी दोघांना त्या त्या रिकाम्या घरात उभं केलं.

“खेळी तोंडानं सांगायची, मोहरे चालतील,” पंच म्हणाले. घड्याळ त्यांनी बाळासारखं छातीशी धरलं होतं. “आपली पाळी नसताना कुणी बोटही हलवायचं नाही.”

ते मराठीत बोलले, याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

बत्तीस खेळ्या छान गेल्या. दोन प्यादी मेली, तेवढंच. तेहेतिसाव्या खेळीत मात्र जयूदादाचा नाइलाज झाला. त्याच्या हत्तीनं त्याच्याच शेजारी उभं असलेलं तिचं प्यादं फोडलं आणि त्यातली एक ढलपी उडून जयूदादाच्या कपाळात रुतली. तो हलला नाही. हलायची परवानगीच नव्हती.

एकोणचाळिसाव्या खेळीत केतकी त्याला खेटून असलेल्या घरात येऊन थांबली. उंट तिरका मारतो, सरळ शेजारी मारत नाही; तिच्यासाठी अख्ख्या पटावर तीच एक सुरक्षित जागा होती. जयूदादानं आपला राजा एक घर सरकवला. आता तिची चाळिसावी. कुठलीही खेळी करायची, बरोबरी मागायची, त्यानं हो म्हणायचं. राजाला कोपऱ्यात न्यायचं तिनं ठरवलंही होतं.

“केतके,” तो म्हणाला. “डोळ्यात रगत गेलंय. लई जळजळतंय.”

“पूस की मग.”

“माझी पाळी न्हाई.”

तो एका डोळ्याची पापणी मिटत होता, उघडत होता, आणि प्रत्येक वेळी आत आणखी जात होतं. तिला ते बघवेना. तिनं रुमाल काढला आणि त्याचा डोळा हळूच पुसला.

पंचांनी घड्याळ थांबवलं.

“हात लावलात,” ते म्हणाले. “उंट मारावा लागेल.”

“रुमाल होता,” केतकी म्हणाली.

“रुमालात हात होता. ‘नीट करते’ म्हणालात का?”

तिनं जयूदादाकडे पाहिलं. “म्हणले होते ना रे? सांग की त्यांना.”

“न्हाई म्हणलीस.”

“दादा, एकदा खोटं बोल की रे.”

“कसं बोलू? लेखी हाय गं.” पुसलेल्या डोळ्यातून त्याला पाणी आलं.

उंट दुसऱ्या कुणाकडून मारता येईल का, म्हणून तिनं सगळा पट धुंडाळला. तिच्या हत्तीच्या वाटेत तिचंच प्यादं होतं, घोडा एक घर लांब होता, उंट दुसऱ्या रंगाचा. जयूदादाही शोधत होता, अगदी मनापासून. लहानपणी तिचे हरलेले डाव तपासायचा तसा.

“वजीरच घेतोय,” तो शेवटी म्हणाला. “दुसरं कोण न्हाई. तीनदा बघितलं. आणि मला मागनं प्याद्याचा जोर हाय, ध्यानात ठेव. मला मारलंस की पुढच्या खेळीला ते तुला मारंल.”

“मग मी काय करू?”

“येळ घालवू नको. घड्याळ चालू करायलेत.”

ती खांदा पुढं करून त्याच्या घरात शिरली. एका घरात दोघांना जागा नव्हती. आधी त्याच्या उजव्या बरगड्या गेल्या, मग कंबर, मग गुडघे उलट्या बाजूला वळले. ती “सॉरी दादा, सॉरी” म्हणत रेटत राहिली. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं.

“पाय रेघंवर पडतोय,” तो खालून म्हणाला. “आत घे.”

तिनं पाय आत घेतला. तिच्याखाली काहीतरी मोठ्यानं मोडलं आणि मग ती दोन्ही पावलांवर सरळ उभी राहू शकली.

चाळिसावी खेळी झाली होती. आता मागता येत होतं. रीत अशी, की खेळी करायची, विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. तिनं त्याच क्रमानं केलं.

“बरोबरी?” तिनं खाली बघून विचारलं, आणि पंचांच्या छातीवरचं घड्याळ ओल्या बोटानं दाबलं.

जयूदादाची वेळ चालू झाली. त्याच्याकडे अकरा मिनिटं होती. पंच कान देऊन थांबले. सातव्या मिनिटाला तिच्या तळपायाखाली त्याचा जबडा हलला आणि शब्दासाठी हळूहळू उघडायला लागला. तिरकं मागं उभं असलेलं काळं प्यादं ऐकायला पुढं वाकलं.