ह्यांच्या वाटणीचा प्रसाद

अजून आठवलं की अंगावर काटा येतो. आणि संतापही येतो, खोटं कशाला बोलू?

शहाण्णव साल. आम्ही दोघं कराडहून लेकीकडे, अमेरिकेत मॉरिसव्हिलला, सहा महिन्यांसाठी गेलो आणि तिसऱ्याच आठवड्यात हे छातीत कळ येऊन पडले. मंगळवारी ऑपरेशन ठरलं. रविवारी सकाळी लेक, दीपा, म्हणाली, "आई, अनिल थांबतोय बाबांजवळ. चल, तुला एके ठिकाणी नेते." नवरा हॉस्पिटलात, त्याच्याजवळ जावई आणि मी सहलीला! पण पोरीचा चेहरा इतका उतरलेला, की निमूट गाडीत बसले.

दीड तास ड्राइव्ह. मग डोंगर, दाट झाडी आणि खाली दरीत दगडी ख्रिस्ती मठ. शंभर वर्षांपूर्वी इथल्या संन्याशांनीच दगड फोडून बांधला म्हणे. आत इतकं शांत की माझ्या चपलांचा मलाच राग आला. काढायला वाकले, तर दीपानं डोळे वटारले.

पूजा चालली होती. पांढऱ्या झग्यातले म्हातारे संन्यासी गात होते. शब्द एक कळेना, पण मला रडू कोसळलं. शेवटी लोक रांगेत उभे राहिले. पुढे एक म्हातारा बाबा एकेकाच्या हातावर काहीतरी ठेवत होता. प्रसाद! दीपा मान खाली घालून बसलेली, तिला कशाला उठवा? लागले मी रांगेला.

उजवा हात पुढे केला. बत्ताशाएवढी पांढरी चकती पडली. मी म्हटलं, "वन मोअर. माय हजबंड, हॉस्पिटल." बाबा नुसता बघत राहिला. बरं बाबा, नाही तर नाही! माझा राहू दे, ह्यांना देईन. रुमालात गुंडाळला, पर्समध्ये ठेवला आणि वळले.

"मॅडम! प्लीज!"

हातातलं भांडं दुसऱ्याकडे देऊन बाबा माझ्यामागे धावत आला. सगळं चर्च माझ्याकडे बघतंय! जशी काही मी चोरीच केली. दीपा धावत आली, दोघं काहीतरी बोलले.

"आई, ते बाहेर नेता येत नाही. ते म्हणतात, हा प्रत्यक्ष देवाचा देह आहे. आणि आपण ख्रिस्ती नाही, आपल्याला खाताही येत नाही. परत दे."

"अगं बाई! देह?" मी हादरलेच. "आणि खातंय कोण? ह्यांच्या नावानं घेतलेलं परत देऊ? ऑपरेशनच्या तोंडावर? भान आहे का तुला?"

"दे ना, प्लीज!"

दिला. आणि त्या बाबानं काय करावं? डोळे मिटले आणि चकती स्वतःच्या तोंडात टाकली. माझ्या डोळ्यांदेखत!

"मेल्या, खाल्लास?" मी किंचाळले. तीस वर्षं शाळेत शिकवलं, असा आवाज कधी लावला नव्हता. "आता मंगळवारी मी त्यांच्या तोंडात काय घालू? सांग ना, काय घालू?"

त्याला अक्षर कळलं नसेल, पण बिचाऱ्याचे डोळे भरले. दीपानं माझा दंड धरला. "आई, मंगळवारचं ऑपरेशन कॅन्सल केलंय डॉक्टरांनी. काल संध्याकाळी सांगितलं."

कॅन्सल! मी खटकन थांबले. म्हणजे गरजच उरली नाही! मी वाकून बाबाच्या पायांना हात लावला. तो दचकून मागे सरला. "चुकलं हो माझं! तुम्ही खाल्लंत आणि त्यांना पावलं! थँक्यू, थँक्यू! आणि दीपे, एवढी गोड बातमी रात्रभर पोटात ठेवलीस? घरी कधी सोडतायत?"

"उद्या."

"मग रडतेस कशाला, वेडाबाई?"

बाबानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला हाताला धरून बाकावर बसवलं.

"आई, हार्ट फार वीक झालंय. टेबलवरच जातील म्हणाले. थोडेच दिवस आहेत, घरी न्या म्हणाले."

"कुठल्या घरी, दीपा?" मी विचारलं. "आमचं घर कराडला आहे."