फाल्गुनातली कानबाई

सुंदराबाईच्या नातवाने देवीचा महिना बदलला होता, आणि बदलून तो सकाळच्या गाडीने अंकलेश्वरला निघूनही गेला होता. आजीला सांगायची छाती नाही. आईला सांगितलं, ते पण चपला पायात सरकवता सरकवता. ही कुठली रीत? माणसाने शेण खावं, पण खाल्ल्यावर तोंड धुवायला तरी घरी थांबावं.

नातू ललित सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये लॅबला होता. गिऱ्हाइकाने दिलेल्या तुकड्याशी कापडाचा रंग जुळवायचा, हे त्याचं काम. अंकलेश्वरच्या रंगाच्या कंपनीने त्याला इंटरव्ह्यूला बोलावलं आणि त्याला सुट्टीची गरज पडली. आता या मिलमध्ये सुट्टी दोनच कारणांनी मिळते. एक, घरात कोणी मेलं तर. दुसरं, श्रावणात कानबाई बसते तेव्हा. त्या दिवशी खानदेशातून आलेला एकही माणूस कामावर जात नाही, मग शेठ सुट्टी देवो की जीव देवो. पण मरायला ललितकडे कोणी उरलंच नव्हतं. आजोबा दोनदा गेले होते, धुळ्याचा मामा तीनदा. आजीला मारायला तो धजला नाही, एवढी अक्कल देवाने त्याला दिली होती.

म्हणून या शहाण्याने भर फाल्गुनात कानबाईची सुट्टी मागितली.

शेठ नवा. जुन्या शेठचा भाचा, दिवाळीनंतर राजस्थानातून आलेला. सुरतेतला श्रावण त्याने अजून पाहिला नव्हता. ही देवी खानदेशवाल्यांची, आणि तिच्या आड आलं की मशीनवर माणूस उभा राहत नाही, एवढंच त्याच्या कानावर होतं. तो म्हणाला, एकट्याला कशाला, तुमच्या सगळ्यांनाच देतो, आणि पगारी देतो. वर म्हणाला, ज्याने पहिल्यांदा मागितली त्याच्या घरी मी दर्शनाला येणार.

सुंदराबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. हिलाल मुकादम खांद्यावर केळीचे खांब घेऊन दारात उभा राहिला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हिलाल त्याच मिलमधला, आणि राहायला उधन्याच्या याच गल्लीत.

“काकू, खांब कुठे बांधू?”

“कोणाचं लग्न लागतंय?”

“लग्न कसलं. कानबाई आहे ना तुमच्याकडे.”

“फाल्गुनात?”

“ते तुमच्या नातवाला विचारा. शेठ संध्याकाळी येणार आहे. जो इथे दिसणार नाही त्याचा खाडा लावतो म्हणालाय.”

सुंदराबाईने सुनेकडे पाहिलं. उज्ज्वला भाकरी थापत होती, ती आणखी जोरात थापायला लागली. दोन भाकरी फाटल्यावर तिने सगळं सांगून टाकलं.

“आणि तुम्ही एवढे बाप्ये,” सुंदराबाई हिलालला म्हणाली. “श्रावण अजून लांब आहे म्हणायला एकाच्या तोंडात पण जीभ नव्हती?”

“काकू, पगारी सुट्टीला कोणी महिना विचारतं का?”

दुपारपर्यंत गल्ली भरली. इस्त्रीचे शर्ट, ठेवणीतल्या साड्या, पोरांच्या डोक्याला तेल. समोरची सरलाबाई ताटात नारळ घेऊन आली. त्याला डोळे काढलेले, नथ घातलेली. कानबाई अशीच नारळात बसते.

“ठेव तो खाली,” सुंदराबाई म्हणाली. “माझ्या घरात आज नारळ मांडायचा नाही. ती काय रिक्षा आहे, हात केला की थांबायला?”

“अहो, पण शेठ काय पाहणार?”

“पाट पाहील.”

मग तसंच झालं. पाट मांडला, केळीचे खांब बांधले, झेंडूच्या माळा सोडल्या, आणि पाटावर काहीच ठेवलं नाही. बायकांनी गाणी सुरू करायला घसा साफ केला, तो सुंदराबाईने तिथेच दाबला. गाणी ऐकून ती खरोखर आली तर तिला काय सांगणार? की बाई, तू नाही, तुझी सुट्टी पाहिजे होती? गल्लीतल्या धुडकूने ढोल आणला होता. त्याला तिने लग्नाचं वाजव म्हटलं. दोन म्हातारे उठून नाचू लागले. तिने डोळे वटारले तेव्हा ते खाली बसले आणि बसल्या बसल्या नाचले.

सुंदराबाई पाटाशेजारी भिंतीला टेकून बसली. तिचं गणित साधं होतं. शेठला खरं सांगितलं तर ललितची नोकरी आजच गेली, आणि अंकलेश्वरचं अजून कशात काही नाही. खोटं सांगितलं तर कानबाईला तोंड दाखवायचं ते तिलाच. खोटं बोलायचं नाही, हे तिने ठरवलं. खरं किती बोलायचं, ते ठरत नव्हतं.

शेठ आला. गाडी गल्लीत शिरेना म्हणून चालत आला, हातात मिठाईचा डबा. बूट काढले, डोक्यावर रुमाल घेतला आणि रिकाम्या पाटाला दंडवत घातला. उठून पाहिलं, तर झेंडू सोडून काही नाही.

“माताजी कहाँ हैं?”

“नहीं आयी,” सुंदराबाई म्हणाली. “वो सावन में आती है.”

ढोल थांबला.

“सावन में?” शेठने सगळ्यांकडे पाहिलं. “तो छुट्टी अभी क्यों ली?”

उत्तर सुंदराबाईच्या जिभेवर होतं. आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं की ही बाई यमाला पण ऐकवायला कमी करणार नाही. तिने तोंड उघडलं, तिला अंकलेश्वरच्या कुठल्याशा खुर्चीत घाम पुसत बसलेला ललित दिसला, आणि तिने तोंड मिटलं.

हिलाल मुकादमाने जन्मभर लोकांना शेठकडून उचल मिळवून दिलेली. त्याला जे येत होतं ते तो बोलला.

“शेठ, एडवान्स में.”

शेठचा चेहरा उजळला. हे त्याला कळत होतं. मिलमध्ये पगार एडवान्समध्ये घेतात, बोनस घेतात, मग देवीची सुट्टी घेतली तर नवल काय.

“अच्छा है,” तो म्हणाला. “फिर हिसाब बराबर. सावन में सब लोग काम पे आना.”

पुन्हा एकदा पाटाला नमस्कार करून तो गेला.

मिठाईला कोणी हात लावला नाही.

“थट्टा केली असेल,” हिलाल म्हणाला.

“थट्टा?” सरलाबाई म्हणाली. “श्रावणात कानबाई उठेल, तेव्हा तिला डोक्यावर घेऊन तापीवर विसर्जनाला नेणार कोण? तुमचा शेठ?”

मग सगळे सुंदराबाईकडे पाहायला लागले. ती पाटाकडे पाहत राहिली. नातवाची नोकरी वाचवायला तिने घटकाभर तोंड मिटलं होतं, आणि तेवढ्यात गल्लीचा श्रावण गेला होता.

दिवेलागणीला ललित आला, हातात पेढे, दात बाहेर. केळीचे खांब पाहून म्हणाला, “कोणाचं लग्न?”

राग आला की सुंदराबाई अहिराणीवर उतरायची. काय करून आलास, हेही तिने तसंच विचारलं. “काय करी उना रे तू?”

“लागली, आजी. एक तारखेपासून. साहेब आपल्या खानदेशातला, अमळनेरचा निघाला. सुट्टी कशी मिळाली विचारलं. कानबाई म्हणालो तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. म्हणे, फाल्गुनात कानबाई खपवतोस, तू लॅबमध्ये कशाला, तू माझ्याकडे रंग विकायला ये.”

हसलं कोणी नाही. उज्ज्वलाने त्याला शेठचं सगळं सांगितलं. ललितचे दात हळूहळू आत गेले.

“आता काय करू?” तो म्हणाला.

“सांगते. पेढे खाली ठेव,” सुंदराबाई म्हणाली. “मी आज गप्प बसले, ते तुझ्या हाती काही नव्हतं म्हणून. आता तुझ्या हाती नोकरी आहे. या गल्लीत शेठपुढे खरं बोलायला न भिणारा आता तू एकटाच. उद्या सकाळी जायचं, आणि ही सुट्टी कानबाईची नव्हती, माझी होती, असं सगळ्यांसमोर म्हणायचं. त्या साहेबाने तुझं खोटं ऐकून तुला ठेवलं ना, मग या शेठला तुझं खरं ऐकून तुला काढू दे. श्रावणाची सुट्टी सोडवून आणलीस तर खुशाल अंकलेश्वरला रंग विक. नाही आणलीस तर ऐकून ठेव. कानबाईच्या प्रसादाच्या रोटाला घरातल्या एकेका बाप्याच्या नावाने गहू मोजतात. यंदा मी मोजायला बसेन, आणि तुझं नाव घेणार नाही.”