गिल्होची वाटी

सभागृहातल्या मऊ खुर्चीत टेकल्या टेकल्या ओक्सुन आजीने मांडीवरचं गाठोडं चाचपलं. आत झाकणाची पितळी वाटी, वाटीत भात, बाजूला चमचा. अजून ऊब होती. शेजारची खुर्ची रिकामी होती, ती तिच्या भावाची. निमंत्रण दोघांचं असेल तरच येईन, असं तिने हेजिनला बजावलं होतं, आणि त्या पोरीने खरंच दोन खुर्च्या मिळवल्या होत्या.

हेजिन तिच्याच बेटावरची, शेजाऱ्यांची नात. मानवी हक्कांवरच्या माहितीपटांना दर वर्षी राजधानीत एक मोठं बक्षीस देतात, ते यंदा तिच्या फिल्मला होतं. फिल्म ओक्सुन आजीवर. खरं म्हणजे वाटीवर.

ज्या हिवाळ्यात शिपायांनी गाव जाळलं, त्या हिवाळ्यात ओक्सुन सात वर्षांची आणि तिचा भाऊ गिल्हो एकोणीसचा. त्याला जहाजात घालून समुद्रापलीकडच्या तुरुंगात नेलं, एवढंच कळलं. त्या दिवसापासून आई रोज त्याच्या वाटणीचा भात वाटीत झाकून, चुलीच्या धगीने खालून तापणाऱ्या जमिनीवर गोधडीखाली ठेवायची. घरचं माणूस बाहेर असलं की कुणीही ठेवतं. आई गेली, मग ओक्सुनने ठेवला. शहात्तर वर्षं झाली. गावात बाकी सगळे त्या जाळपोळीत मेलेल्या आपापल्या माणसांचं श्राद्ध एकाच दिवशी, घरोघरी घालतात. हिच्या घरी नाही.

"गावात सगळ्यात सुखी तुझा भाऊ, बसून खातोय नुसता," बाया चिडवायच्या.

"मग! लाडका आहे आमचा," ती ठसक्यात सांगायची.

वाफ दिसावी म्हणून हेजिनने शूटिंगच्या वेळी झाकण उचललं, तर आजीने तिच्या हातावर सणसणीत फटका दिला होता. "भवाने, कळतं का काही? झाकण काढून भातात चमचा उभा रोवतात, तो मेलेल्यांसाठी! हा आला की स्वतः काढेल."

आणि आता तीच हेजिन नवे कपडे घालून तिच्या पायाशी उकिडवी बसली होती. चेहरा पांढराफटक.

"आजी, माझ्या हातून घोळ झालाय. फिल्मच्या शेवटी मेलेल्यांची नावं येतात. जुनी यादी जशीच्या तशी उचलली मी. त्यात गिल्होआजोबांचंही नाव आहे. आज सकाळी लक्षात आलं."

आजीने गाठोडं जवळ ओढलं. "म्हणजे मला न विचारता मारलंस त्याला?"

"तुम्ही नुसतं नको म्हणा, आत्ता जाऊन सांगते, फिल्म लावू नका, बक्षीसही नको."

पोरीची चार वर्षांची मेहनत होती. आजीला तिचा राग आला आणि कीवही आली. "आधी बघू तर दे. मग सांगते काय ते. आणि रडू नकोस, स्टेजवर नाक लाल दिसेल."

दिवे गेले. पडद्यावर समुद्र आला, तिच्या दारातला. लाटा येत होत्या, जात होत्या, आणि मांडीवरची ऊब पोटात उतरत होती. काळे दगड, मुळ्याचं शेत, तिचेच सुरकुतलेले हात. समुद्र पडद्यावरून खाली आला आणि खुर्च्यांच्या रांगांमधून संथ वाहू लागला. पाय ओले झाले तरी आजीला नवल वाटलं नाही. शेजारची खुर्ची करकरली.

"केवढी म्हातारी झालीस गं ओक्सुन!" गिल्हो हसत म्हणाला. अंगाला धुराचा वास, ओठावर नुकती फुटलेली मिसरूड.

"तू मात्र एकोणीसचाच राहिलास, मेल्या." तोंडातून गेलं आणि तिने जीभ चावली.

"भूक लागलीय गं."

"मग खा की. तुझाच आहे. रोज ठेवते."

"रोज येतो. गोधडीशी बसतो. पण झाकण असतं ना," तो ओशाळून म्हणाला. "मला नाही काढता येत."

तिने डोळे उघडले. पाणी ओसरलं होतं, पडद्यावर नावं वर सरकत होती. बू गिल्हो, वय एकोणीस. ते नाव कडेपर्यंत गेलं, नाहीसं झालं. आजी ढसाढसा रडली, लहानपणी रडायची राहिली होती तेवढी.

दिवे लागले. हेजिनचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या. हेजिन जागची हलेना. ती आजीकडे बघत होती आणि सगळं सभागृह त्या दोघींकडे.

आजीने गाठोडं सोडलं. वाटी रिकाम्या खुर्चीवर ठेवली. झाकण काढलं. दोन्ही हातांनी धरून तिने चमचा भातात उभा रोवला.

"जेव रे बाबा," ती म्हणाली. "शहात्तर वर्षं उपाशी ठेवलं तुला."

मग हेजिनकडे वळून तिने बाहीनेच कसंबसं आपलं नाक पुसलं. "बघत काय बसलीस? जा, घे तुझं बक्षीस. आणि आजची तारीख लिहून ठेव. पुढच्या वर्षी श्राद्धाला लागेल."