कापड आटलं

शिंपीकाकांनी तीन वर्षांत तीनदा स्वतःच्या सदऱ्याची कॉलर सैल केली आणि तिन्ही वेळा दोष कापडाला दिला. कापड उलटून बोलत नाही, ही त्या धंद्यातली मोठी सोय. शेवटी काकूंनीच त्यांच्या गळ्यावर बोट ठेवलं. "हे कापड नाही. ही गाठ आहे."

गाठीत सुई घालून पेशी काढल्या. अहवाल आला : कर्करोग असेलही, नसेलही.

"एवढं मीही सांगितलं असतं. सुई माझ्याकडेही आहे," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच पेशी जनुकांच्या तपासणीला पाठवल्या. त्या अहवालात मात्र एकही 'असेल' नव्हता.

"कर्करोगच आहे. थायरॉइडची ग्रंथी काढावी लागेल," बाई म्हणाल्या. "आणि हा जो दोष सापडलाय, तो कधीकधी घराण्यात चालत येतो. तुमचं रक्त तपासू, म्हणजे कळेल. घरात कुणाला गळ्याचं काही होतं?"

"छे. वडील गेले ते धाप लागून."

तरी घरी येताच काकांनी वडिलांची मापांची वही काढली. दरवर्षी घरातल्या प्रत्येकाचं माप वहीत उतरवायचं, ही वडिलांची शिस्त. या घरात फोटो चार आणि मापं चारशे. वडिलांच्या पानावर छाती दरवर्षी उतरत गेली होती. कॉलर मात्र पंधरा, साडेपंधरा, सव्वासोळा. शेवटच्या आकड्यापुढे वडिलांच्याच अक्षरात शेरा होता : 'कापड आटलं.'

काकांनी वही मिटली. पुढची पानं त्यांची स्वतःची आणि लेकीची; तिथे काय आहे, ते त्यांना पाठ होतं. तिथली मापं त्यांनीच घेतली होती.

तेवढ्यात लेक कामावरून आली. गणवेशाचं वरचं बटण उघडं होतं.

"बाबा, तुमचं माप चुकायला लागलं हं आता. दोन महिन्यांपूर्वी शिवलेली कॉलर, आणि काचतेय."

एरवी एवढ्यावरून काकांनी दोन दिवस अबोला धरला असता. आज ते नुसतेच तिच्या गळ्याकडे बघत राहिले.

"असं काय बघताय? गंमत केली. कापड आटलं असेल."

टेप काकांच्या खांद्यावरच होता. त्यांचा हात तिथवर गेला आणि खाली आला.

"नाही," ते म्हणाले. "उद्या रजा टाक. रक्त द्यायला माझ्याबरोबर तूही चल."